दुखणं खरं, धोका नव्हे

एमआरआयचा रिपोर्ट हातात पडला की घरातलं बोलणंच बदलतं. ‘मणक्यात गॅप आलाय’, ‘चकती सरकलीय’, ‘नस दबलीय’. कालपर्यंत भरलेली कळशी उचलणारी बाई चप्पल घालायला वाकतानाही दचकते. रिक्षा चालवणाऱ्याच्या कमरेचा पट्टा सुटता सुटत नाही. दुखणं आधीही होतं. आता त्याच्या सोबतीला एक चित्र येऊन बसतं, आतून झिजलेल्या, कधीही दगा देईल अशा पाठीचं. पुढची कित्येक वर्षं माणूस स्वतःशी जे बोलतो, ते या चित्रावरूनच.

हे चित्र तपासून पाहायला हवं. २०१५ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी, पाठ मुळीच दुखत नसलेल्या ३,११० लोकांच्या स्कॅनचे निष्कर्ष एकत्र मांडले. चकत्यांची झीज विशीतल्या ३७ टक्के आणि पन्नाशीतल्या ८० टक्के लोकांमध्ये आढळली. पन्नाशीत चकती फुगलेली असण्याचं प्रमाण ६० टक्के होतं. रिपोर्टमधली ओळ खरी असते. पण दुखण्याचं कारण तीच, हे तेवढ्यावरून ठरत नाही.

मग दुखतं ते काय? इजेचा संदेश मज्जारज्जूतून मेंदूकडे जाताना वाटेतच वाढतो किंवा दबतो, आणि त्यात मेंदूचाही हात असतो, असा सिद्धांत वेदनासंशोधक रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडला. १९९५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २९ वर्षांच्या एका बांधकाम कामगाराची हकीकत छापून आली. उडी मारताना १५ सेंटिमीटरचा खिळा त्याच्या बुटातून आरपार गेला. वेदना इतकी की खिळा जरा हलला तरी सहन होईना. गुंगीचं औषध द्यावं लागलं. बूट काढला तर खिळा पायाच्या बोटांमधून गेलेला, पायाला काहीही झालेलं नाही. त्याची वेदना खोटी नव्हती. मेंदूला धोका दिसला आणि त्याने शरीर वाचवण्यासाठी वेदना उभी केली. जुनाट दुखण्यात अनेकदा हेच वर्षानुवर्षं चालतं. चोर केव्हाच पळालेला असतो, तरी राखणीचा कुत्रा पानाच्या सळसळीवरही भुंकत राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत अशा वेदनेला स्वतंत्र आजार म्हणून जागा मिळाली आहे.

या मेंदूला पुन्हा शिकवता येतं का? अमेरिकेतल्या बोल्डर इथे १५१ जणांवर झालेल्या प्रयोगाने याचं उत्तर दिलं. त्यांची पाठदुखी सरासरी दहा वर्षांची होती. एका गटाला डॉक्टरांशी एक भेट आणि चार आठवड्यांत आठ समुपदेशनाच्या बैठका मिळाल्या. तिथे शिकवलं गेलं ते असं: डोळे मिटून कळ जाणवते तिथे लक्ष न्यायचं, घाबरून पळायचं नाही, आणि स्वतःला सांगायचं की ‘ही संवेदना खरी आहे, पण माझ्या पाठीला इजा होत नाहीये’. मग ज्या हालचालीची भीती वाटते, तीच थोडी थोडी करून पाहायची. महिनाभराने या गटातल्या ६६ टक्के लोकांचं दुखणं गेलं किंवा जवळजवळ गेलं. नुसत्या दिखाऊ औषधाच्या गटात हे प्रमाण २० टक्के होतं, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत १० टक्के. वर्षानंतरही निम्म्याहून अधिक लोक तसेच बरे होते. यातल्या बहुतेकांचं दुखणं सौम्य ते मध्यम तीव्रतेचं होतं हे लक्षात ठेवायला हवं. तरीही दहा वर्षांच्या दुखण्यासाठी हा निकाल मोठाच आहे.

पण स्वतःशी सकारात्मक बोलणं म्हणजे आरशासमोर ‘मी ठणठणीत आहे’ असं घोकणं नव्हे. मानसशास्त्रज्ञ जोआन वूड यांनी २००९ मध्ये दाखवून दिलं की स्वतःबद्दल कमीपणा वाटणाऱ्या माणसांना स्वतःची स्तुती म्हणायला लावली की त्यांना उलट वाईटच वाटतं. मनाला न पटणारं वाक्य मन परतवून लावतं. बोल्डरचं वाक्य टिकलं, कारण ते दुखणं नाकारत नव्हतं. ते फक्त धोका नाकारत होतं.

कल्पनेचंही तसंच. ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ ही म्हण पाठदुखीच्या रुग्णाइतकी कुणालाच लागू नसेल. ऑस्ट्रेलियातले वेदनासंशोधक लोरिमर मोझली यांच्या प्रयोगात, हात जुनाट दुखणाऱ्या लोकांनी तो हात हलवण्याची नुसती कल्पना केली तरी वेदना आणि सूजही वाढली. अशा दुखण्यासाठी त्यांच्या उपचारात पायऱ्या आहेत: आधी चित्रातला हात डावा की उजवा ते ओळखायचं, मग हालचाल मनात करायची, मग आरशात पाहून, शेवटी प्रत्यक्ष. मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी कापलेल्या, आता नसलेल्या हातात जाणवणाऱ्या वेदनेसाठी वापरलेला आरसा तो हाच. कल्पना हे औषध आहे आणि तिलाही मात्रा लागते.

धोका कधी कधी खराही असतो. पायातली ताकद जाणं, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, ताप, विनाकारण वजन घटणं, कर्करोग होऊन गेलेला असणं, उतारवयात पडणं: अशा वेळी आधी तपासणी, बाकी सगळं नंतर. आणि तपासण्यांत काही न सापडलेल्या बाईला ‘तुझ्या मनाचं आहे’ म्हणून परत पाठवणं हा अन्याय आहे. मेंदूत तयार झालेली वेदना इतर कोणत्याही वेदनेइतकीच शरीराची असते.

मग ‘दुखणं खरं, पण धोका नाही’ हे वाक्य रुग्णाला द्यायचं कुणी? अमेरिकेत दोन लाखांहून अधिक रुग्णांच्या रिपोर्टमध्ये ‘अशी झीज निरोगी माणसांतही दिसते’ ही माहिती छापून पाहिली गेली. त्याने पुढचे उपचार कमी झाले नाहीत. अफूजन्य गोळ्या लिहून देण्याचं प्रमाण तेवढं किंचित घटलं. कागद पुरत नाही, माणूस लागतो. आपल्याकडे ते काम फिजिओथेरपिस्ट करू शकतात. रुग्णाला वाकायला, उठायला, वजन उचलायला तेच लावतात, म्हणजे भीती उफाळून येते त्या क्षणी ते शेजारी उभे असतात. त्यांच्या शिक्षणात वेदनेचं हे शास्त्र ठसठशीतपणे यायला हवं, जिल्हा रुग्णालयांत त्यांची पदं भरायला हवीत, आणि रुग्णाशी अर्धा तास बोलण्याची वेळ उपचारातच मोजली गेली पाहिजे.