ॲडजस्ट होतो, साहेब!

फायटर मासा इतर माशांबरोबर एका टाकीत ठेवू नये. माझं म्हणणं एवढंच आहे. त्यासाठी लेख लिहायची वेळ यावी याचं मलाच नवल वाटतं. पण आमच्या शाखेत हे वाक्य मी मॅनेजरसाहेबांना, हेडकॅशियरला, शिपाई मामांना आणि मुदत ठेवीवर व्याज भरून घ्यायला आलेल्या एका आजोबांना सांगून पाहिलं, आणि चौघांनीही हात हलवून एकच उत्तर दिलं, "होतो हो ॲडजस्ट!"

हकिगत अशी. शाखेच्या ठेवी वाढेनात, म्हणून साहेबांनी एका वास्तुतज्ज्ञाला बोलावलं. (ठेवी का वाढत नाहीत हे काउंटरवर उभं राहून पाच मिनिटांत कळलं असतं. पण काउंटर वास्तुशास्त्रात येत नाही.) ईशान्य कोपऱ्यात मत्स्यालय ठेवा, त्यात आठ सोनेरी आणि एक काळा असे नऊ मासे सोडा, असा सल्ला मिळाला. ईशान्येला लॉकर-रूम होती, तेव्हा टाकी लॉकर-रूमच्या दाराशी, जमेल तेवढी ईशान्येकडे झुकवून बसवली. टाकी, पंप, ट्यूबलाइट यांची नोंद डेड स्टॉक रजिस्टरात झाली. मासे कुठल्या खात्यात टाकायचे यावर दोन दिवस खल होऊन शेवटी तेही डेड स्टॉकातच गेले. त्या वेळी ते जिवंत होते, हे मुद्दाम नमूद करतो.

चार गोल्डफिश घेईपर्यंत मंजूर रक्कम संपत आली. मग उरलेले चार सोनेरी म्हणून टायगर बार्ब आले. पिवळसर अंग, त्यावर काळे पट्टे. लांबून पाहिलं की सोनेरी वाटतात आणि जवळून कोण बघतोय! राहिला काळा. तो दुकानात नव्हता. दुकानदाराने कपाटाएवढ्या फळीवरच्या बाटल्यांतून एक निळसर काळा, लांब पदराचा फायटर काढला. "हा चार माशांत चालतो का?" असं मी विचारलं. तो म्हणाला, "ॲडजस्ट होतो, साहेब."

माझा राग या वाक्यावर आहे. माशावर नाही, दुकानदारावरसुद्धा फारसा नाही. त्याला दिवसाला दहा मासे विकायचे असतात.

लोकांची समजूत अशी, की फायटर म्हणजे पहिलवान. चार माशांत सोडला तर दुसऱ्यांनाच सांभाळावं लागेल. नावाचा हा सगळा घोटाळा आहे. सयामात, म्हणजे आजच्या थायलंडात, या माशांच्या झुंजी लावून त्यावर पैज खेळत. झुंजीच्या परवान्यांतून राजाच्या खजिन्यात महसूल जमा होई. म्हणजे मासा भांडणार, माणूस हरणार आणि सरकार कमावणार! तिथल्या राजाकडून थिओडोर कँटर नावाच्या डॉक्टरला १८४० च्या सुमारास हे मासे मिळाले आणि त्याने १८४९ मध्ये त्यांच्यावर लेख लिहिला. पण त्याने दिलेलं नाव भलत्याच जातीचं निघालं, म्हणून १९१० मध्ये रीगन या शास्त्रज्ञाने याला 'बेटा स्प्लेंडेन्स' हे नवं नाव दिलं. तरी दुकानदार फायटरच म्हणतो. त्याला मी नावं ठेवणार नाही. आमच्या गावाचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं, तरी एसटीत कंडक्टरला आम्ही "एक नगर" असंच सांगतो. २०१९ मध्ये थायलंडने या माशाला राष्ट्रीय जलचराचा मान दिला. नगरला तो दीडशे रुपयांना, बाटलीसकट मिळतो.

आता हा लढवय्या लढतो कुणाशी? आपल्याच जातीच्या नराशी. भाताच्या खाचरातल्या, गवत माजलेल्या संथ पाण्यात त्याची स्वतःची जागा ठरलेली असते. तिथे पाणी जेमतेम गुडघाभर. अशा पाण्यात प्राणवायू कमी, म्हणून निसर्गाने त्याला कल्ल्यांच्या जोडीला डोक्यात एक जादा अवयव दिला आहे. वर येऊन तो हवेचा घोट घेतो. आपल्याकडच्या नदीतला मरळ असाच वर येऊन हवा घेतो. नर तोंडाने हवेचे बुडबुडे करून पृष्ठभागावर घरटं बांधतो, अंडी त्यात ठेवतो, खाली पडलेली पुन्हा तोंडाने उचलून ठेवतो आणि पहारा देतो. अंडी घातल्यावर मादीला तो हाकलून देतो आणि बाळंतपण एकटा काढतो. (हे मी घरी सांगितलं तेव्हा सौ. म्हणाली, "तुम्ही गॅस बंद केलात का आधी?")

दुसऱ्या जातीचा मासा त्याच्यासारखा लांब, रंगीत शेपटीचा असला, समजा गप्पीचा नर, तर याला तो भाऊबंद वाटतो आणि भाऊबंद म्हटल्यावर जे व्हायचं ते होतं. बाकीच्यांपुढे मात्र हा साफ लुळा. माणसाने शोभेसाठी त्याची शेपटी आणि पर पैठणीच्या पदरासारखे वाढवून ठेवलेत. तो पदर सांभाळत त्याला पळता येत नाही. टायगर बार्ब ही तर कुरतडणारी जात. त्यांना पुढ्यात झालर हलताना दिसली की राहवत नाही. त्यातून ते थव्याने राहणारे. चारच जण असले की एकमेकांत जिरवायची मस्ती ते पाहुण्यावर जिरवतात.

तिसऱ्या दिवशी आमच्या फायटरची शेपटी कसरीने खाल्लेल्या लुगड्यासारखी झाली. पाचव्या दिवशी तो पंपाच्या नळीमागे, पृष्ठभागाशी तिरका होऊन राहिला. खायला टाकलं की चारही गोल्डफिश नांगर फिरवल्यासारखे सगळं साफ करत. हा येईपर्यंत पंगत उठलेली असे. वर गोल्डफिशचं पोट मोठं, घाण जास्त. ते थंड पाण्यातले जीव, रोहू-कटल्याच्या कुळातले. याला पंचवीस-सव्वीस अंशांची ऊब लागते. डिसेंबरात नगरची रात्र दहा अंशांच्या खाली उतरते, शाखेत आम्ही स्वेटर घालून नोटा मोजतो. हीटर लावावा तर गोल्डफिशची पंचाईत, न लावावा तर याची. साहेब टाकीपुढे उभे राहून म्हणाले, "बघा, शांत झाला की नाही? ॲडजस्ट झाला."

इथे मला आमच्या शाखेतल्या एका बाई आठवल्या. बदली होऊन आल्या आणि रोज जामखेडहून एसटीने जाऊन-येऊन करत. पहिला महिनाभर त्यांनी अर्ज केले, वरिष्ठांना भेटल्या, दोनदा रडल्या. मग बोलायच्या बंद झाल्या. डबासुद्धा एकट्या खात. आम्ही सगळे म्हणालो, झाल्या बाई ॲडजस्ट! आठव्या महिन्यात त्यांनी राजीनामा टेबलावर ठेवला तेव्हा आम्हाला आश्चर्य वाटलं. ते आश्चर्य वाटणाऱ्यांत मीही होतो, म्हणून माशाच्या वेळी मला गप्प बसवेना.

दुसऱ्या बाजूचं म्हणणं मी ऐकलेलं आहे. हेडकॅशियर म्हणतात, त्यांच्या मेव्हण्याकडे पुण्याला फायटर दीड वर्ष इतर माशांत सुखाने राहतो. राहत असेल. टाकी ऐसपैस, झाडं भरपूर, सोबतीला तळाशी गुपचूप फिरणारे कोरीडोरससारखे सज्जन मासे आणि मुळात फायटरचा स्वभाव थंड, एवढं जमलं तर जमतं. पण विनातारण कर्ज इमानाने फेडणारेही लोक असतात, तेवढ्यावरून बँकेने तारण मागायचं सोडलेलं नाही.

सहकाराची बाजू एका ग्राहकाने मांडली. हा सहकाराचा जिल्हा. १९५० मध्ये लोणीजवळ प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटलांनी सहकारी साखर कारखाना उभा केला, तो आशियातला पहिला म्हणून आम्ही पाहुण्यांना सांगतो. अशा जिल्ह्यात एका माशाला वेगळं बिऱ्हाड कशाला? मी म्हटलं, दादा, विखे पाटलांनी शेतकऱ्यांना विचारून शेअर विकले. हा मासा सभासद कधी झाला? याच्या अर्जावर सही कुणाची?

आणि बाटलीवाल्यांनीही खूश होऊ नये. "एकटाच राहतो ना, मग लोणच्याच्या बरणीत ठेवा," हे दुसरं टोक. खाचरात पाणी उथळ असतं, पण ते एकराच्या हिशेबात पसरलेलं असतं, हे बरणीवाले विसरतात. बरणीत तो मरत नाही, कारण वरून हवा घेतो. या गुणाचाच त्याला जाच झाला आहे. जो लवकर मरत नाही त्याला कसंही ठेवतात.

सातव्या दिवशी शाखा बंद झाल्यावर मी त्याला स्टीलच्या डब्यात टाकीतलंच पाणी घेऊन सावेडीला घरी नेला. वीस लिटरची टाकी, छोटा हीटर, दोन झाडं, नळाचं पाणी क्लोरीन मारून मगच. दहा-बारा दिवसांत शेपटीच्या कडेला काचेसारखी पारदर्शक नवी झालर फुटली, मग तिच्यात निळा उतरला. एका सकाळी पृष्ठभागावर बुडबुड्यांचं घरटं. मादी नाही, अंडी नाहीत, पण याचं घर तयार. सौ. म्हणाली, "निदान हा तरी आधी घर बांधतो आणि मग बायको बघतो."

इकडे शाखेत मोजदाद झाली. रजिस्टरात नऊ, टाकीत आठ. बँकेची मालमत्ता लेखी परवानगीशिवाय घरी नेल्याबद्दल साहेबांनी मला तोंडी समज दिली. मी लगेच नमतं घेतलं, आणि शनिवारी पदरचे पैसे घालून एक खरा काळा गोल्डफिश, डोळे बटाट्यासारखे बाहेर आलेला ब्लॅक मूर, आणून टाकीत सोडला. आठ अधिक एक, नऊ. हिशेब जुळला. वास्तुतज्ज्ञही फोनवर समाधानी होते.

फक्त ब्लॅक मूरची शेपटीही लांब असते. हे चार टायगर बार्बांना सोमवारी दुपारीच कळलं. मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. त्यांनी सहीचे कागद बाजूला न करता विचारलं, "कोण, नवीन काळा का? होईल हो ॲडजस्ट."

काल मामांनी हळूच माझ्याकडे रिकामा स्टीलचा डबा मागितला.