शेवटलें प्रकरण नसलेली कथा

इंग्लंडांतील खेड्यांचें जें चित्र आमच्या सुशिक्षित कुटुंबांच्या मनांत ठसलें आहे, तें बहुतांशीं रहस्यकथांनीं रंगविलेलें आहे. आरंभीं वाड्यांत प्रेत सांपडावें, एखाद्या चतुर गृहस्थानें अगर चौकस वृद्धेनें विचार करावा, आणि शेवटीं सर्व मंडळींस दिवाणखान्यांत बसवून गुन्हेगाराकडे बोट दाखवावें, असा हा ठराविक बेत. रोनाल्ड नॉक्स या धर्मोपदेशकानें तर १९२९ सालीं या खेळाचे दहा नियमच घालून दिले. करमणूक म्हणून आमची त्यास हरकत नाहीं. परंतु तपास म्हणजे बुद्धीची चमक आणि गांवचा पोलिस म्हणजे मंदबुद्धि, ही जी समजूत त्यामुळें रूढ झाली आहे, ती खोटी तर आहेच, शिवाय अपायकारकहि आहे.

प्रत्यक्ष काय घडतें तें पाहावें. ८ एप्रिल १९६९ रोजीं नॉरफोक परगण्यांतील मेटन गांवाहून एक तेरा वर्षांची मुलगी बहिणीच्या घरीं जाण्यास सायकलीवरून निघाली. सायकल शेतांत पडलेली मिळाली. मुलगी मिळाली नाहीं. १९ ऑगस्ट १९७८ रोजीं डेव्हनमधील एल्सबेअर येथें वर्तमानपत्रें वांटणारी तितक्याच वयाची दुसरी मुलगी अशीच नाहींशी झाली. सायकल आणि विखुरलेलीं वर्तमानपत्रें तेवढीं रस्त्यावर राहिलीं. दोघींचाहि ठाव लागलेला नाहीं. येथें प्रेत नाहीं आणि शेवटलें प्रकरणहि नाहीं. कादंबरीकारास अशी कथा नकोच असते. तेथील पोलिसांस मात्र ती टाकून देतां येत नाहीं.

"इतक्या जुन्या दप्तरांवर पैसा कां उधळावा?" असें विचारणारे व्यवहारचतुर लोक आहेत. डेव्हनच्या प्रकरणांत ज्याचा संशय घेतला गेला, त्या रॉबर्ट ब्लॅकचीच हकीकत त्यांनीं ऐकावी. १९९० सालीं तो हातीं लागला तो कोणा तर्कपंडितामुळें नव्हे. स्कॉटलंडांतील स्टो गांवच्या एका रहिवाशानें मुलीला गाडींत कोंबतांना पाहून गाडीचा नंबर टिपून घेतला, एवढेंच. १९९४ सालीं तीन मुलींच्या खुनांबद्दल तो दोषी ठरला, त्यांत पेट्रोलच्या पावत्यांचा आणि कामावरील नोंदींचा मोठा वांटा होता. १९८१ सालच्या चौथ्या खुनाचा निकाल २०११ सालीं, म्हणजे तब्बल तीस वर्षांनीं, लागला. तें दप्तर माळ्यावर फेंकलें असतें, तर?

याच्या उलट यॉर्कशायरचें उदाहरण आहे. तेथें पीटर सटक्लिफ या खुन्याची पोलिसांनीं नऊ वेळां विचारपूस केली आणि नऊ वेळां त्यास सोडून दिलें; माहिती होती, पण ती असंख्य कार्डांच्या ढिगांत परस्परांपासून दूर पडली होती. उणीव प्रतिभेची नव्हती, मांडणीची होती.

ब्लॅक जानेवारी २०१६ मध्यें तुरुंगांत मेला. डेव्हनच्या प्रकरणांत त्याच्यावर आरोप ठेवला गेलाच नव्हता. आणि संशय कितीहि बळकट असला तरी तो पुरावा नव्हे. लोकांच्या समाधानासाठीं मेलेल्याच्या माथीं खापर फोडून दप्तर मिटविणें सोपें असतें. तें न करणें हाच न्याय होय.

आमच्या मध्यमवर्गाचीं दोन पिढ्यांचीं पोटें कारकुनीवर भरलीं, आणि त्याच कारकुनीची थट्टा करण्यांत आम्ही धन्यता मानतों! एखाद्या आईस आपल्या मुलीचें काय झालें हें कधींकाळीं कळावयाचें असेल, तर तें अशाच कोणा कंटाळा न करणाऱ्या माणसाच्या टिपणांतून कळेल. वाचकहो, रहस्यकथा खुशाल वाचा. पण टाळ्या वाजवावयाच्या त्या त्याच्यासाठीं राखून ठेवा.