भिंत रंगवली म्हणजे दुरुस्ती झाली?

मागच्या महिन्यात शारजाच्या इंडस्ट्रियल एरियातून एका वाचकाने आम्हाला व्हॉट्सॲपवर तीन फोटो पाठवले. तिन्ही एकाच भिंतीचे. पहिला जून २०२४ चा: खालच्या बंकच्या मागे, जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत काळे-हिरवे ठिपके. दुसऱ्या फोटोत तीच भिंत पांढरीशुभ्र. तिसऱ्यात रंगाचे पोपडे सुटलेत आणि त्यांच्या आतून पुन्हा तेच ठिपके, आता उशीच्या उंचीपर्यंत. सोबत एक ओळ: "दादा, हा तिसरा रंग. कॅम्प बॉस म्हणतो, पेंट मार दिया ना, अब क्या चाहिए?"

गडी खेडचा आहे. नाव देत नाही, कारण उघड आहे. त्याला काय हवंय तेही साधं आहे: रात्री खोकला न येता झोप.

१६ एप्रिल २०२४ चा पाऊस इथे राहणारा कोणी विसरणार नाही. वर्षाला शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या देशात अल ऐनजवळच्या खत्म अल शक्ला इथे चोवीस तासांच्या आत २५४.८ मिलिमीटर पाऊस झाला. १९४९ पासून नोंदी ठेवल्या जातात, त्यातला हा सगळ्यात मोठा. शारजाच्या काही भागांत पाणी कित्येक दिवस हललं नाही. टँकर लावून उपसावं लागलं. तळमजल्यावरच्या खोल्यांत गुडघाभर पाण्यात बॅगा, गाद्या, पासपोर्टची झेरॉक्स, घरच्यांसाठी घेतलेलं सामान, सगळं तरंगत होतं.

पाणी ओसरल्यावर दुरुस्ती सुरू झाली, आणि चांगली झाली. सरकारने नागरिकांच्या घरांच्या नुकसानीसाठी दोन अब्ज दिरहम मंजूर केले. एका बड्या बिल्डरने आपल्या वसाहतींमधली घरं फुकट दुरुस्त करून देण्याचं जाहीर केलं. यात वाईट काही नाही, ज्यांचं घर भिजलं त्यांना मदत मिळाली. पण ज्याची खोली मालकाची, मालकाची खोली कंपनीच्या भाड्याची, आणि त्यात झोपणारा मात्र आपला माणूस, त्या खोलीच्या वाट्याला काय आलं? वीस लिटरचा पांढऱ्या रंगाचा डबा.

आता थोडं बुरशीबद्दल, कारण इथेच आपली फसगत होते. आपल्यातले बरेच जण कोकणातले. ओल आपल्याला नवी नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळूण आणि खेड बुडालं तेव्हा चिखल काढला, दारं-खिडक्या उघड्या टाकल्या, गाद्या अंगणात घातल्या आणि पुढचे कित्येक महिने भिंती सुकत राहिल्या. चिऱ्याची भिंत पाणी पिते, पण सोडतेही. वारा लागला, पावसाळा सरून ऊन आलं की ओल निघते. म्हणून आपण इथेही म्हणतो, "सुकेल हळूहळू, आपल्याकडे नाही का सुकत?"

इथे तसं सुकत नाही. भिंतीवर प्लास्टिकसारखा रंग, मधली पार्टिशनं जिप्सम बोर्डाची, आणि जिप्सम बोर्डावर दोन्ही बाजूंनी कागद. ओला कागद म्हणजे बुरशीला जेवणाचं ताट. भिजलेली वस्तू २४ ते ४८ तासांत कोरडी झाली नाही तर बुरशी धरायला लागते, आणि या खोल्यांत पाणी आठवडाभर होतं. खिडकी एकच, तिच्यात एसी बसवलेला. एसी दिवसरात्र चालू, भिंत गार. ऑगस्टमध्ये शिफ्ट सुटून दहा जण आत-बाहेर करतात, प्रत्येक वेळी बाहेरची दमट हवा आत येऊन गार भिंतीवर पाणी सोडते. वरून रंग मारला की आतली ओल आतच कोंडली. मग तो रंग फुगतो, सुटतो. वर पुन्हा ऐकवलं जातं की तुम्ही कपडे खोलीत वाळवता म्हणून असं होतं. कपडे खोलीत वाळवल्याने दमटपणा वाढतो, हे खरंच आहे. पण आमच्या वाचकाच्या भिंतीवरचे डाग जमिनीपासून वर चढलेत, पुराच्या पाण्याची रेघ जिथे होती तिथून. ती रेघ त्याच्या ओल्या बनियनने काढलेली नाही.

ओलसर, बुरशी लागलेल्या घरात राहिल्याने खोकला, धाप आणि दमा वाढतो, हे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्येच सांगून ठेवलंय. बुरशी मेली तरी तिची धूळ त्रास देतेच. म्हणून मारून भागत नाही, काढावी लागते. भिजलेला बोर्ड फेकायचा, फोमची गादी फेकायची, प्लास्टर खरवडून भिंत पूर्ण सुकवायची, पाणी कुठून येतं ते बंद करायचं, एसीचा ट्रे आणि पाइप साफ करायचा. रंग सगळ्यात शेवटी. ही दुरुस्ती. बाकी सगळी रंगरंगोटी.

खोकल्याबद्दल एक गोष्ट उघड बोलायला हवी. व्हिसाच्या मेडिकलला छातीचा एक्स-रे असतो, टीबीसाठी. त्यामुळे खोकला म्हटला की आपल्या पोरांच्या पोटात गोळा येतो. दवाखान्यात न जाता मेडिकलमधून सिरप आणून वर्ष काढतात. असं करू नका. ॲलर्जीचा खोकला वेगळा, टीबी वेगळा, आणि कोणता आहे ते डॉक्टरच सांगणार. विमा आता शारजासह उत्तरेकडच्या अमिरातींतही कंपनीने देणं सक्तीचं आहे, १ जानेवारी २०२५ पासून निघालेल्या किंवा नूतनीकरण झालेल्या परवान्यांसाठी. डॉक्टरांना भिंतीचा फोटो दाखवा आणि खोलीत बुरशी आहे हे कागदावर लिहायला सांगा. तो कागद जपून ठेवा.

कायदा काय म्हणतो? २०२१ चा ३३ क्रमांकाचा कामगार कायदा कंपनीवर योग्य निवास देण्याची किंवा त्याचा भत्ता देण्याची जबाबदारी टाकतो. पन्नास किंवा जास्त कामगार असलेल्या कंपनीने १५०० दिरहमपेक्षा कमी पगार असलेल्या कामगारांना निवास द्यायलाच हवा. माणशी किमान तीन चौरस मीटर जागा आणि हवेशीर खोली हे नियमात आहे. म्हणजे "खोली फुकट देतोय, वर तक्रार कसली" हे जे ऐकवलं जातं ते चुकीचं. खोली ही मेहेरबानी नाही, नोकरीचाच भाग आहे.

तक्रार तोंडी करू नका. तोंडी तक्रार कॅम्प बॉसच्या खोलीतून बाहेर पडत नाही. तारखेसह फोटो काढा, दर पंधरा दिवसांनी त्याच जागेवरून. सुपरवायझरला इंग्रजीत साधा मेसेज टाका, खोली नंबर आणि भिजल्याची तारीख लिहून. एकट्याने नको, खोलीतल्या सगळ्यांनी मिळून. त्यात मल्याळी, नेपाळी, पठाण सगळे आले, बुरशी भाषा विचारत नाही. दाद लागली नाही तर कामगार मंत्रालयाचा ६००५९०००० हा नंबर आहे. कुठे जावं हेच कळत नसेल तर भारतीय प्रवाशांसाठीचं सहायता केंद्र ८००४६३४२ वर फुकट बोलतं. भिंतीवरचा डाग तीन बाय तीन फुटांपेक्षा मोठा असेल तर स्वतः खरवडायला जाऊ नका, ते कंपनीचं काम. छोटा असेल तर मास्क लावून साबणाच्या पाण्याने पुसा आणि कोरडा करा. क्लोरॉक्समध्ये दुसरं कुठलंही क्लीनर मिसळू नका, बंद खोलीत तो वायू जीवघेणा ठरू शकतो.

बेडस्पेसवाल्यांची गोष्ट यापेक्षा अवघड, आणि आमच्याकडे त्यावर सोपं उत्तर नाही. दुबईत भाडे कायदा, २००७ चा २६ क्रमांकाचा, दुसरं काही ठरलेलं नसेल तर दुरुस्तीची जबाबदारी घरमालकावर टाकतो. पण करार तुमच्या नावावर नाही. तुम्ही पैसे देता त्या भाईच्या नावावरही असेल की नाही, देव जाणे. तक्रार केली तर पार्टिशनच बेकायदेशीर निघतं आणि पहिला बाहेर पडतो तो तुम्ही. २०२५ मध्ये रिग्गा, सतवा भागात पार्टिशनांवर कारवाई झाली तेव्हा लोकांनी हे अनुभवलंय. अशांना आम्ही एवढंच सांगू शकतो: डिपॉझिट देण्याआधी खाट ओढून मागची भिंत बघा, हात लावून बघा, कुबट वास येतो का बघा. नवा रंग दिसला तर विचारा, का मारला. महिन्याचे पन्नास दिरहम वाचवायला तळमजल्याची कोपऱ्यातली खाट घेऊ नका.

कंपन्यांकडे आमची मागणी एकच. एप्रिल २०२४ मध्ये पाणी शिरलेली प्रत्येक खोली रिकामी करून तपासा, आणि भिंत कोरडी असल्याचं मीटर लावून दाखवल्याशिवाय तिथे माणूस ठेवू नका. ओल मोजायचं ते यंत्र हातात मावतं. रंगाऱ्याला तीन वेळा बोलावण्यापेक्षा महाग पडणार नाही. आपल्या वाणिज्य दूतावासाचे अधिकारी कॅम्पला भेट देतात तेव्हा त्यांनीही मेस आणि स्टेजवरून परत न जाता तळमजल्याच्या दोन खोल्यांतल्या खाटा सरकवून बघाव्यात.

हे लिहिता लिहिता खेडच्या त्या वाचकाचा मेसेज आला. आठ जणांनी सह्या करून अर्ज दिला होता, कंपनीने त्यांना दुसऱ्या मजल्यावर हलवलं. खोकला कमी आहे म्हणतो. आम्ही विचारलं, खालच्या खोलीचं काय? त्याने फोटो पाठवला. भिंत चौथ्यांदा रंगवली आहे आणि बंकवर नव्या बॅचच्या बॅगा आहेत, विमानतळाचे टॅगही अजून निघालेले नाहीत.