एसी तासावर खातो

जाहिरातीतल्या मोठ्या आकड्यांशी या सदराचं वाकडं आहे, हे वाचकांना ठाऊकच आहे. या आठवड्याचा आकडा इलेक्ट्रिक गाडीच्या रेंजचा. तो येतो पुण्याच्या एआरएआय किंवा मानेसरच्या आयकॅटसारख्या चाचणी संस्थेतून: गाडी रोलरवर, तापमान 20 ते 30 अंश, एसी बंद, वेग फार तर ताशी 90. दिल्लीत असं हवामान वर्षातून दोनदा, थोडे दिवस पाहुणं येतं. टाटाच्या इलेक्ट्रिक नेक्सॉनच्या 45 युनिटच्या बॅटरीचा प्रमाणित आकडा 489 किलोमीटर. प्रत्यक्ष रस्त्यावरचा अंदाज म्हणून कंपनी स्वतःच साडेतीनशेच्या आसपासचा आकडा सांगते.

लोक दोष देतात थंडीला. थंडीत बॅटरी मंदावते हे खरंच, शिवाय पेट्रोल गाडीला इंजिनची ऊब फुकट मिळते, इथे हीटरही बॅटरीवरच चालतो. पण नॉर्वेत नव्या गाड्यांत दहापैकी नऊहून अधिक इलेक्ट्रिक असताना दिल्लीच्या चार अंशांचं कौतुक कशाला? खरी मेख वेळ आणि वेग यांत आहे. मोटर किलोमीटरवर खाते, एसी तासावर. मे महिन्यात तापलेल्या गाडीचा एसी तासाला दीड-दोन युनिट सहज घेतो. गुरुग्रामच्या कोंडीत तासाभरात 15 किलोमीटर सरकलात, तर चाकांनाही साधारण तेवढीच वीज लागते. म्हणजे अंतर तेवढंच, खर्च दुप्पट. तोच एसी ताशी 60 ने धावताना कितीतरी कमी जाणवतो. उलट यमुना एक्सप्रेस वेवर 100 ने निघालात, तर हवेचा अडथळा पन्नासच्या चौपट.

‘पेट्रोलचं मायलेज तरी कुठे खरं असतं?’ असं कुणी म्हणेल. नसतंच. पण तिथे चूक खिशाला लागते, इथे ती मुक्कामाची जागा बदलते. एकच आकडा गाड्यांची तुलना करायला पुरतो, दिल्लीहून आग्र्याला जायचं ठरवायला नाही. म्हणून शोरूममध्ये तीन आकडे हवेत: मेची कोंडी, जानेवारीची पहाट, आणि 100 चा महामार्ग. तीन आकड्यांनी ग्राहक गोंधळेल, ही सबब लटकी आहे. फ्रिजवरचे तारे आणि युनिट वाचून सौदा करणारा माणूस हेही वाचेल. मग त्याला हेही उमगेल, की धुक्यामुळे एक्सप्रेस वेवर वेगमर्यादा 75 वर येते, तेव्हा हवेचा अडथळा जवळजवळ निम्म्यावर येतो. हीटर लावूनही जानेवारीतला आग्रा मेपेक्षा स्वस्त पडू शकतो.