लय कोणाच्या मालकीची?

एकल मरिंबावादनात लय कोणी ठरवायची, या प्रश्नावर वादकांत आणि शिक्षकांत दीर्घकाळ वाद चालू आहे. एक पक्ष म्हणतो, स्वरलिपीच्या माथ्यावर रचनाकाराने जो आकडा लिहिला तोच कायदा. मिनिटाला इतक्या मात्रा म्हणजे इतक्याच मात्रा. दुसरा पक्ष म्हणतो, मंचावर वादक एकटा असतो. साथीदार नाही, संचालक नाही. तेव्हा लय ही त्याची खासगी मालमत्ता. आम्हांस हे दोन्ही पक्ष एकांगी वाटतात. परंतु त्याहून घातक वाटतो तो या दोघांच्या भांडणात अलगद पुढे सरकलेला तिसरा पक्ष. जो अधिक वेगाने वाजवतो तोच अधिक थोर, असे हा पक्ष मानतो. तो युक्तिवाद करीत नाही, नुसत्या टाळ्या वाजवतो. आणि म्हणूनच त्याचा प्रतिवाद कोणी करीत नाही. तो आम्ही येथे करू इच्छितो.

मरिंबाशी आपला काय संबंध, असे एखादा वाचक विचारील. संबंध आहे, आणि तो जुना आहे. आफ्रिकेच्या पूर्व भागात गेलेले दोमिनिकन मिशनरी जुआंव दुश सांतुश यांनी १६०९ साली एव्होरा येथे छापलेल्या आपल्या ग्रंथात लाकडी पट्ट्या आणि त्यांखाली टांगलेले भोपळे अशा वाद्याचे वर्णन केले आहे. आफ्रिकेतून गुलामगिरीच्या साखळदंडांत बांधून नेलेल्या माणसांबरोबर हे वाद्य मध्य अमेरिकेत पोचले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. १६८० साली ग्वातेमालातील सांतियागो नगरीच्या, म्हणजे आजच्या अँटिग्वाच्या, कॅथीड्रलच्या सोहळ्यात मरिंबा वाजल्याची नोंद दोमिंगो हुआर्रोस या धर्मगुरू-इतिहासकाराने केली आहे. १९५० साली लॉरेन्स लाकूर या अमेरिकन प्रॉटेस्टंट मिशनऱ्याने उपासनेसाठी मरिंबा जपानला नेले. तो नाद केइको आबे नावाच्या एका शाळकरी मुलीच्या कानी पडला, आणि पुढे याच मुलीने हे वाद्य जगाच्या मैफलींत एकट्याने उभे केले. मंदिराच्या अंगणात वाढलेल्या या वाद्याविषयी बोलण्याचा अधिकार आम्हांस आहे, असे आम्ही मानतो.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. मरिंबाच्या पट्ट्या रोजवुडच्या असतात. त्यांखाली धातूच्या नळ्या असतात आणि त्या नादाला पोकळीची जोड देतात. काठीचा आघात झाला की स्वर जन्मतो, आणि जन्मल्या क्षणापासून विरू लागतो. खालच्या सप्तकातील स्वर काही काळ रेंगाळतो. वरच्या सप्तकातील स्वर जवळजवळ तत्क्षणी मावळतो. व्हायोलिनचा गज किंवा गायकाचा श्वास जे करू शकतो, म्हणजे स्वर हवा तितका वेळ धरून ठेवणे आणि मध्येच फुलवणे, ते येथे शक्य नाही. फार तर दोन काठ्यांनी एकाच पट्टीवर झपाट्याने आघात करीत सलगतेचा आभास निर्माण करता येतो. तेव्हा मरिंबावर लय ही केवळ गतीची बाब नाही. एक स्वर मरण्यापूर्वी दुसऱ्याने त्याचा हात धरावा की नाही, हा लयीचा खरा प्रश्न आहे.

बाखचे उदाहरण घ्या. त्यांचे चेलो या वाद्यासाठीचे सहा सूट मरिंबावादक मोठ्या आवडीने वाजवतात. या रचनांचे बाखच्या हातचे हस्तलिखित आज उपलब्ध नाही. त्यांची पत्नी आना माग्दालेना हिने केलेली नक्कल प्रमुख आधार मानली जाते, आणि तीत लयीचा एकही आकडा नाही. आहेत ती फक्त नृत्यांची नावे : आलमांद, कूरांत, साराबांद, जिग. पाचव्या सूटचा साराबांद तर अगदी उघड्या एकेरी स्वरांचा. चेलोवादक तो मिनिटाला ४० मात्रांच्या संथ लयीत वाजवू शकतो. एका मात्रेला दीड सेकंद झाला तरी गज स्वराला जिवंत ठेवतो. मरिंबावर हीच लय घेतली तर वरचे स्वर मध्येच विझतात आणि वाक्याचे तुकडे पडतात. प्रत्येक स्वर कंपित केला तर रचनेचा उघडेपणाच नाहीसा होतो. तेव्हा विचारी वादक लय किंचित वाहती ठेवतो. येथे त्याने बाखचा अवमान केला, असे कोण म्हणेल? त्याने चेलोची लय सोडली ती बाखचे वाक्य राखण्यासाठी.

आकड्याच्या भक्तांना आमचे सांगणे असे की, आकडा हा फार तरुण आहे. मेल्त्सेल यांनी मेट्रोनोमचे पेटंट घेतले ते १८१५ साली. १८१७ साली बेथोव्हेन यांनी आपल्या आठ सिम्फनींसाठी मेट्रोनोमचे आकडे प्रसिद्ध केले आणि तेव्हापासून त्या आकड्यांवर वाद चालला आहे. त्यांच्या ‘हॅमरक्लाव्हिअर’ सोनाटाच्या पहिल्या भागावर मिनिटाला १३८ असा आकडा आहे. तरी बहुतेक पियानोवादक तो त्याहून संथ वाजवतात. सगळेच उद्धट आहेत काय? मरिंबाच्या बाबतीत तर रचना आणि लेखन यांचे नाते आणखी नाजूक आहे. केइको आबे यांच्या कित्येक रचना आधी उत्स्फूर्त वादनातून जन्मल्या आणि नंतर कागदावर उतरल्या. ज्या संगीताचा कागद हा दुसरा जन्म आहे, त्याच्या माथ्यावरील आकड्याला पहिल्या जन्माहून मोठे कसे मानावे?

याचा अर्थ आकडा फेकून द्यावा असा नव्हे. तो रचनाकाराने दिलेला आहे. त्याच्या मनात ही रचना कोणत्या पावलांनी चालत होती याची ती साक्ष आहे. साक्षीदाराला न ऐकताच निकाल देणारा न्यायाधीश आम्हांस मान्य नाही. म्हणूनच ‘लय माझी मालमत्ता’ म्हणणाऱ्यांचाही आम्ही तितकाच विरोध करतो. अवघड उडी आली की लय सैल करायची, सोपा भाग आला की पळत सुटायचे आणि या सगळ्याला भावाविष्कार म्हणायचे, ही स्वातंत्र्याची विटंबना आहे. लयीत केलेल्या प्रत्येक बदलाचे कारण रचनेत दाखवता आले पाहिजे : येथे वाक्य संपते, येथे स्वरसंगती वळते, येथे खालचा स्वर अजून बोलतो आहे. कारण दाखवता येत नसेल, तर तो बदल हाताच्या सोयीसाठी झाला असे समजावे.

आता तिसरा पक्ष. वेगाने आम्ही दिपत नाही असे नाही. पाच सप्तकांच्या, सुमारे अडीच मीटर लांबीच्या वाद्यावर चार काठ्या घेऊन धावणारे हात पाहून कोणाचेही डोळे विस्फारतील. परंतु हे विस्फारणे डोळ्यांचे आहे, कानांचे नव्हे. वेगात पुष्कळ दोष लपतात. पट्टीच्या मध्यावर आघात केला तर स्वर भरीव येतो. दोरी जेथून जाते त्या जागी केला तर तो क्षीण येतो. वेगाच्या धुरळ्यात हा फरक कोणाच्या ध्यानी येत नाही; संथ लयीत मात्र तो लगेच उघडा पडतो. कंपन असमान असेल, डावा हात उजव्याहून जड असेल, तर संथ लय ते झाकत नाही. म्हणून खरी परीक्षा संथ वाजविण्यात आहे.

शिवाय वेग जागेला विसरतो. आमच्या पोर्तुगीजकालीन चर्चमध्ये ज्यांनी एकदा तरी वाचन केले आहे त्यांना हे ठाऊक आहे की, उंच छताखाली घाईने वाचलेला उतारा मागच्या बाकापर्यंत पोचतो तो गोंगाट होऊन. दगडी भिंती शब्द परत करतात आणि वाचकाने त्यांच्यासाठी थांबावे लागते. मरिंबाचे खालचे स्वर अशा वास्तूत एकमेकांवर चढतात. एकच रचना छोट्या सभागृहात ज्या लयीत स्वच्छ उमटते, त्याच लयीत ती चर्चमध्ये चिखल होते. स्कॉटलंडच्या एव्हलिन ग्लेनी यांची श्रवणशक्ती बाराव्या वर्षापर्यंत जवळजवळ गेली. त्या अनवाणी उभ्या राहून नादाची कंपने अंगाने टिपतात. ऐकणे ही केवळ कानाची क्रिया नाही, हे त्यांनी जगाला दाखवून दिले. धडधाकट कान असलेल्या वादकाने तरी वास्तूचे उत्तर ऐकल्यावाचून पुढचा स्वर का टाकावा?

आपल्या देशातही हा प्रश्न एकाने सोडवून दाखवला आहे. संतूरचा स्वरही आघातातून जन्मतो आणि विरतो. तो आलापीला पुरा पडणार नाही, अशी टीका पंडित शिवकुमार शर्मा (१९३८–२०२२) यांना ऐकावी लागली. कलम तारेवर हलकेच घसरवून त्यांनी सलग नाद साधला आणि विलंबित लयीत बसून टीकाकारांना उत्तर दिले. वेगाच्या आड लपून त्यांनी ते उत्तर टाळले नाही.

आमच्या सेमिनरीतील शिक्षणात ग्रेगोरियन गायनाशी आमचा परिचय झाला, आणि हा वाद तेथेही आम्हांस भेटला. पोप दहावे पायस यांनी १९०३ साली या गायनाच्या पुनरुज्जीवनाचा आदेश दिला. १९०८ साली व्हॅटिकनने गायनग्रंथ छापला तो तालखुणांवाचून; सोलेमच्या मठवासीयांनी त्याच सुरावटी आपल्या तालखुणांसह वेगळ्या छापल्या. खुणा असाव्यात की नसाव्यात यावर विद्वान भांडले. परंतु शब्दाचा अर्थ सुराच्या पुढे चालावा, या एका गोष्टीवर उभय पक्षी दुमत नव्हते. लयीची मालकी आकड्याकडेही नाही आणि गायकाकडेही नाही. जे सांगायचे आहे त्याची ती सेविका आहे. अक्षर आणि आत्मा यांचे नाते ज्यांना प्रवचनवेदीवरून रोज सांभाळावे लागते, त्यांना हे निराळे समजावून सांगण्याची गरज नसावी.

हा सर्व प्रपंच आम्ही का केला? आपल्या धर्मग्रामांतील मुले आज कीबोर्ड, गिटार, व्हायोलिन शिकतात, परीक्षा देतात आणि मोबाइलवर जगभरचे वादक पाहतात. त्यांत मरिंबाही असतो. मुलाने एखादी रचना गेल्या महिन्यापेक्षा जलद वाजवली की घरात कौतुक होते. त्याने ती अधिक समजून वाजवली तर कोणाच्या लक्षातही येत नाही. अशा घरात मूल पळायला शिकते, ऐकायला शिकत नाही. मग एक दिवस त्याच्याहून जलद पळणारा दुसरा भेटतो आणि वाद्य कोपऱ्यात जाते. हे नुकसान संगीताचे आहेच, पण त्याहून अधिक त्या मुलाचे आहे.

पालकांना आणि गायकवृंदाच्या शिक्षकांना म्हणूनच आमची विनंती आहे : मुलाला ‘किती वेगाने?’ असे विचारू नका. हे वाक्य कोठे संपते, शेवटचा स्वर किती वेळ जिवंत राहिला आणि या खोलीत तो कसा ऐकू आला, हे तीन प्रश्न विचारा. ज्या मुलाला या तिन्हींचे उत्तर देता येते, त्याने निवडलेली लय आकड्यापासून थोडी ढळली तरी आम्ही ती मान्य करू. आणि ज्याला देता येत नाही, त्याची लय आकड्याशी तंतोतंत जुळली तरी त्याला आम्ही पुन्हा, अधिक संथपणे, वाजवायला सांगू.