अर्ध्या वाटेवर बदललेला नियम

आपल्यापैकी ज्या घरांतील मुलगा वा मुलगी नोकरीनिमित्त ब्रिटनमध्ये आहे, त्यांनी तेथील गृहखात्याने २० नोव्हेंबर २०२५ रोजी मांडलेला प्रस्ताव नीट समजावून घेतला पाहिजे. नोकरीच्या व्हिसावर पाच वर्षे सचोटीने काढली म्हणजे कायम वास्तव्याचा हक्क मागता येतो, या भरवशावर ही माणसे तेथे गेली. ही मुदत सर्वसाधारणपणे दहा वर्षे आणि पदवीच्या दर्जाखालील कामांसाठी पंधरा वर्षे करण्याचे त्यात योजिले आहे. ज्याची वार्षिक मिळकत १,२५,१४० पौंडांच्या घरात, त्यास मात्र तीनच वर्षे पुरे! श्रेणीबद्ध विषमता म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना निराळे सांगावयास नको.

पंधरा वर्षांच्या रांगेत कोण उभे राहणार? वृद्धांना न्हाऊ-जेवू घालणारे, रुग्णांची अंथरुणे बदलणारे. माणसांचा तुटवडा पडला तेव्हा फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांना दार उघडण्यात आले. मार्च २०२४ पासून नव्याने येणाऱ्यांना बायकामुले आणण्यास बंदी झाली. जुलै २०२५ मध्ये परदेशांतून नवी भरतीच थांबविली. ज्याचा व्हिसा मालकाच्या स्पॉन्सरशिपवर टांगलेला, तो मालकाविरुद्ध तोंड कसे उघडणार? नोकरी सुटली की साधारणतः साठ दिवसांत दुसरा मालक शोधावयाचा, नाहीतर देश सोडावयाचा. असे मिंधेपण पाच वर्षांऐवजी पंधरा वर्षे सोसणे ही केवळ आकड्यांची वाढ नव्हे.

कोणास देशात घ्यावे हे ठरविण्याचा राज्याचा अधिकार आम्ही नाकारीत नाही. नव्याने येणारांस नवा नियम खुशाल लावावा. परंतु आधीपासून तेथे राबत असलेल्यांनाही तो लावण्याचे घाटते आहे, आणि आमचा आक्षेप नेमका तेथे आहे. २००६ साली उच्च-कुशल स्थलांतरितांच्या योजनेतील लोकांची चार वर्षांची मुदत अशीच पाच करण्यात आली होती. ते लोक संघटित होऊन न्यायालयात गेले, आणि एप्रिल २००६ पूर्वी योजनेत आलेल्यांस जुनीच मुदत लागू राहील, असा निकाल २००९ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने दिला. अर्थात तो निकाल त्या योजनेत दिल्या गेलेल्या आश्वासनांवर उभा होता. आजच्या प्रकरणी तो जसाच्या तसा चालेल, या भ्रमात कोणी राहू नये.

तेव्हा मुलांना पत्र लिहाल त्यात नियुक्तिपत्र, पगाराच्या पावत्या, कराचे कागद जपून ठेवण्यास अवश्य लिहा. आणि जे अद्याप जावयाचे आहेत, घर वा शेत गहाण टाकून एजंटाचे पैसे भरणार आहेत, त्यांनी कायम वास्तव्याची तो तोंडाने देतो ती हमी आधी कागदावर सहीनिशी मागून पाहावी.