कुंपण नेटकं, पण कुणासाठी?
सोसायट्यांच्या कडेचा पिवळा ड्युरांटा दिसतो नेटका, पण सतत कात्री चालल्याने त्याला धड ना फुलं येतात ना फळं. पाखरांच्या लेखी ती नुसती भिंतच. त्याऐवजी करवंद लावावं. त्याच्या काटेरी जाळीत घरट्याला आडोसा मिळतो आणि उन्हाळ्यात बुलबुलांना फळं. कोपऱ्यात कढीपत्ता हवाच: पिकलेली काळी फळं कोकिळा खातात, पानांवर फुलपाखरांच्या अळ्या वाढतात. पानं कुरतडलेली दिसली की फवारणीची मागणी होते. पण फळं खाणारे बुलबुलही पिल्लांना किडे-अळ्या भरवतात, म्हणून फवारणी नको. राहिला काट्यांचा प्रश्न. मुलं खेळतात तिथे बिनकाट्यांचं झुडूप लावा, करवंद मागच्या भिंतीलगत. छाटणीही बंद नको. घरटी रिकामी झाल्यावर करा, एवढंच.